मावशीला हात लावू नका

भाऊंनी आयुष्यात एकदाच पोलिसाला जबाब दिला, आणि तो आत्याच्या चाळीस पोरांबद्दल होता. पण तिथवर जायचं तर आधी आत्या कोण ते सांगायला हवं, आणि त्याआधी भाऊ कोण ते.

धाटावला मी ज्या कारखान्यात नोकरीला लागले तिथे रंगाची पावडर बनायची. भाऊ तिथले कॉम्प्युटरवाले. हुद्दा काहीतरी मोठा होता, पण गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. राहायला पेणला. रोज सकाळी एसटीने नागोठण्यावरून रोह्याला आणि तिथून कंपनीच्या बसने धाटावला. हातात पोह्याच्या पापडांचा डबा. पापड ते कच्चेच खायचे, आणि आम्हालाही तसेच खायला लावायचे.

भाऊंच्या शर्टाच्या खिशाला कायम एक कागदाची चिठ्ठी टाचलेली असायची. त्यावर ते त्या क्षणी काय करतायत ते लिहिलेलं. ‘चहा पितोय, अर्धा झाला.’ ‘जेवतोय, ताक उरलंय.’ ‘विचार करतोय, बोलू नका.’ काम बदललं की चिठ्ठी बदलायची. एकदा मालक त्यांच्याशी दहा मिनिटं बोलत होते आणि भाऊंच्या खिशावर ‘मालकांचं ऐकतोय, संपत आलं’ असं लिहिलेलं होतं. मालकांनी ते वाचलं आणि खरंच संपवलं.

मी रोह्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून त्यांच्या हाताखाली लागले. दुसऱ्याच आठवड्यात घोळ केला.

आमच्या सर्व्हरवर दिवसरात्र अकरा प्रोग्रॅम चालायचे. एक हजेरी मोजायचा, एक रिपोर्ट काढायचा, एक सांडपाण्याच्या टाकीची पातळी दर दहा सेकंदांनी बघायचा आणि टाकी नव्वद टक्के भरली की भोंगा वाजवायचा. सगळे एकाच भाषेत लिहिलेले. त्यामुळे चालू कामांची यादी उघडली की अकरा ओळी दिसायच्या आणि अकराही ओळींत एकच शब्द, पायथन. एका वर्गात अकरा पोरं आणि सगळ्यांचं नाव गणेश. त्या दिवशी रिपोर्टवाला अडकला होता. त्याला बंद करायचं होतं. चालू काम बंद करण्याला आमच्यात ‘मारणं’ म्हणतात. मी वरचा गणेश मारला. तो टाकीवाला निघाला.

भोंगा वाजलाच नाही. पातळी चढत गेली. नशिबाने मुश्ताकभाई त्या बाजूने पान थुंकायला गेले. हे आमचे प्लँटवरचे जुने ऑपरेटर. त्यांनी टाकी काठोकाठ भरलेली पाहिली आणि पळत जाऊन हाताने व्हॉल्व्ह बंद केला. आणखी पाच मिनिटं गेली असती तर लाल पाणी नाल्यातून थेट कुंडलिका नदीत गेलं असतं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर दाराशी भाऊ, खिशावर चिठ्ठी, ‘वाट बघतोय.’

“काय दिसलं तुला यादीत?” त्यांनी विचारलं.

“अकरा पायथन.”

“मग चूक तुझी नाय. नावाची हाय. पापड घे.”

त्या दुपारी भाऊ नावं ठेवायला बसले. चालू असलेल्या प्रोग्रॅमला स्वतःचं यादीतलं नाव बदलता येतं, त्यासाठी स्क्रिप्टमध्ये एक-दोन ओळी घालाव्या लागतात. हे मला तेव्हा कळलं. नावं दोन असतात. एक लांबलचक, त्यात अख्खं वाक्य मावतं. दुसरं आखूड, आणि आम्ही घाईत जी यादी बघायचो तिच्यात हे आखूडच दिसायचं. त्याला जागा फक्त पंधरा. इंग्रजीत पंधरा अक्षरं म्हणजे चैन. पण भाऊंना नावं मराठीत हवी होती, कारण शिफ्टवरची माणसंही ती यादी बघायची. आणि मराठी अक्षर तीन जागा खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाला वेगळ्या तीन. म्हणजे हिशेब सगळा पाचात.

भाऊंनी पहिलं नाव दिलं ‘टाकीचार’. यादीत आलं ‘टाकीच’. मुश्ताकभाई मागून वाचून म्हणाले, “टाकीच? कुठं टाकणार?”

‘सांडपाणी’ दिलं, आलं ‘सांडप’. ‘रिपोर्ट’ दिलं, आलं ‘रिपोर’. भाऊ दोन तास कामांची नावं छाटत बसले. मग पापड चावता चावता थांबले आणि बोटांवर मोजायला लागले. “मावशी. म, काना, व, श, वेलांटी. पाच. बसली.” पुन्हा बोटं. “आत्या. आ, त, त्याचा पाय मोडलाय त्याचा एक, य, काना. पाच. ही पण बसली.” त्यांचा चेहरा उजळला. “जावई चारात. सासरा पाचात. आजोबा पाचात. वहिनी पाचात. अगो, आपलं सगळं घर बसतंय यात.”

मेहुणा तेवढा बसला नाही. त्याचा काना बाहेर राहिला आणि तो शेवटपर्यंत ‘मेहुण’ म्हणूनच नांदला.

कामं वाटून दिली तीही विचार करून. टाकीवर लक्ष ठेवायला मावशी. सगळ्या सुपरवायझरना मोबाइलवर निरोप धाडायला आत्या, तिच्या हाताखाली चार पोरं, एकेका विभागाला एकेक. हजेरीला वहिनी. जुन्या फायली हळूहळू आवरायला आजोबा. आणि महिन्याचा रिपोर्ट काढायला जावई, कारण तो काम कमी करायचा आणि जागा भरपूर अडवायचा. लांब नावांत भाऊंनी वाक्यं घातली, आणि ती वाक्यं काम चालू असतानाच बदलत राहायची. ‘मावशी: टाकी चार बघतेय, पातळी बासष्ट, हात लावू नका.’ ‘जावई: रिपोर्ट बनवतोय, अर्धा झाला, मधेच मारलंत तरी चालेल.’

पंधरा दिवसांत सगळा कारखाना त्या घरात राहायला आला. कँटीनमध्ये लोक विचारायचे, “मावशी बरी हाय का आज?” पॅकिंगवाले म्हणायचे, “वहिनीनं आमची अर्धी सुट्टी खाल्ली.” एक दिवस सकाळी फायली आवरणारं काम बंद पडलं. मी घाईघाईत ग्रुपवर टाकलं, ‘आजोबा सकाळी गेले. भाऊ बघतायत. जेवणापर्यंत परत येतील.’ अर्ध्या तासाने बॉयलरकडचे नवीन सुपरवायझर, ज्यांना रुजू होऊन दोनच दिवस झाले होते, पांढरा शर्ट घालून दारात उभे. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वय काय होतं?”

“दीड वर्ष,” भाऊ स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

त्या गृहस्थांचा हात खांद्यावरच राहिला. मग मुश्ताकभाईंनी त्यांना चहाला नेलं.

हे सगळं पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरसाहेबांना रुचलं नाही. त्यांनी यादी बघितली, चष्मा काढला, पुसला, परत बघितली. “हे काय आहे? ऑडिटवाले आले तर काय सांगणार आपण, सासरा चालू आहे? उद्यापासून सगळ्यांना नीट कोड द्या. पीआर शून्य एक, पीआर शून्य दोन.”

“बरं साहेब,” भाऊ म्हणाले. खिशावर चिठ्ठी लागली, ‘मान डोलावतोय.’

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता साहेबांनी यादी बघितली. शून्य एकपासून अकरापर्यंत ओळीने उभे. खूश झाले. साडेनऊला आले तर मावशी, आत्या, जावई. भाऊंनी काय केलं होतं, तर साहेब नऊला येतात म्हणून सकाळी कोड लावून सुरुवात करायची आणि दहा मिनिटांनी ज्याने त्याने आपलं नाव बदलून घ्यायचं असं स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं होतं.

“मी कोडच दिलेत, साहेब,” भाऊ शांतपणे म्हणाले. “नंतर ती आपापली घरी जातात.”

साहेबांनी लेखी ताकीद दिली. सोमवारपर्यंत नावं बदलली नाहीत तर भाऊंच्या जागी पुण्याहून माणूस येईल. भाऊंनी ताकीद वाचली आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या खिशावर कोरी चिठ्ठी दिसली.

त्या सोमवारी अंबा नदीचं पाणी नागोठण्यात रस्त्यावर आलं.

पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. भाऊंची एसटी नागोठण्याच्या अलीकडे अडकली. साहेब पुण्यात. सकाळचे दहा वाजलेले, कंपनीची इंटरनेटची लाइन गेलेली, आणि मी एकटी सर्व्हरसमोर. प्लँटचं पाणी अधिक पावसाचं पाणी, टाकी भरत चाललेली. आणि सर्व्हर गुडघे टेकायला लागला. एक बटण दाबलं की मिनिटाने हलायचं. तो पूर्ण बसला असता तर टाकीवरचा पहारा गेला असता, आणि अशा पावसात टाकीजवळ कोणी पान थुंकायलाही जाणार नव्हतं. मी भाऊंना फोन लावला. फोन चालू होता. फक्त त्यांच्या बाजूला अडकलेली भरगच्च एसटी होती, हे मला नंतर कळलं.

“यादी उघड,” भाऊ म्हणाले. “जावई किती खातोय?”

“अर्धं घर खाल्लंय त्याने.”

“मार त्याला.”

मी मारला. “मरत नाहीये, भाऊ.”

“साधं मारलंस. सांगून मारलं की तो ऐकत नाय. नऊ नंबरनं मार. नऊ नंबरनं मारलं की बोलायला पण वेळ मिळत नाय.”

जावई गेला. पण सर्व्हर काही सुटेना. मी यादीत खाली बघितलं. निरोप बाहेर जात नव्हते, म्हणून आत्या प्रत्येक निरोपासाठी नवं पोर काढत सुटली होती.

“भाऊ, आत्याला चाळीस पोरं झालीत.”

“चाळीस? मग आधी आत्याला मार.”

“आधी पोरांना नको?”

“नको. पोरं मारशील तितकी ती नवीन काढील. आधी आत्या. मग पोरं अनाथ होतील, ती एकेक करून मार. घाई कर. सासऱ्याला पण घे हातासरशी, तो गेला तरी कोणाचं अडत नाय. पण मावशीला हात लावू नको. काय वाट्टेल ते झालं तरी मावशी जगली पाहिजे.”

एवढं बोलणं झालं आणि फोनवर गलका ऐकू आला. भाऊंच्या शेजारी कोळंबीची टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या टोपली तिथेच सोडून पुढे गेल्या होत्या आणि कंडक्टरला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. रस्त्यावर गाड्या अडवायला उभा असलेला हवालदार ओला रेनकोट घालून बसमध्ये चढला. भाऊंनी फोन बंद केला नाही. बंद करून चालणारच नव्हतं.

“कोणाला मारायला लावताय?” हवालदाराचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“आत्याला. पण ती गेली असेल एव्हाना.”

“आणि पोरं?”

“चाललंय. चाळीस हायत, वेळ लागणार.”

हवालदाराने फोन काढून घेतला. “बाई, कोण बोलताय तुम्ही? मावशी कुठाय?”

मी चाळीसातलं अकरावं पोर मारत होते, माझं लक्ष आकड्यावर. “मावशी इथेच आहे,” मी म्हटलं. “ब्याऐंशीवर आहे.”

“ब्याऐंशी वर्षांची म्हातारी?” हवालदाराचा आवाज चढला. “तिला काय केलंय?”

“काही नाही, नव्वद झाले की ती ओरडेल.”

मागे कोणीतरी बाई ‘अरे देवा’ म्हणाल्या. मी पोरं मारत राहिले. तीस, पस्तीस, चाळीस. स्क्रीन मोकळी झाली, यादी झरझर हलायला लागली, आणि मावशीची ओळ माझ्या डोळ्यांसमोर बदलली. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद. आणि बाहेर भोंगा वाजला. इतका मोठा, की फोनमधून एसटीतल्या सगळ्यांनी ऐकला.

“हे काय आता?” हवालदार.

“मावशी ओरडली,” मी म्हटलं, आणि मला इतकं हसू आलं की खुर्चीवरून खाली बसले. खिडकीतून मुश्ताकभाई छत्रीशिवाय पळताना दिसले. त्यांनी दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. पातळी उतरली. त्या दिवशी नाल्यात फक्त पावसाचं पाणी होतं.

हवालदाराने तरीही जबाब लिहून घेतला. टोपलीवाल्या बाईंनी तक्रार केली होती, आणि पूर उतरेपर्यंत त्याला दुसरं काही काम नव्हतं. भाऊंनी त्याला पंधरा जागांचा हिशेब बोटांवर समजावून सांगितला. हवालदाराने आपलं नाव मोजून बघितलं. बसलं नाही, म्हणून थोडा हिरमुसला.

पुढच्या आठवड्यात पुण्याचे साहेब आले. कोणत्या वेळी काय मारलं, काय वाचवलं, सगळं त्यांनी नोंदीत वाचलं. अकरा पायथन असते तर मी काय केलं असतं, हे त्यांनी मला विचारलं. मी खरं सांगितलं, पुन्हा वरचा मारला असता. ताकीद त्यांनी परत घेतली. फक्त जाताना भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, “जावयाचं नाव तेवढं बदला. मालकांचे जावई परवा प्लँट बघायला येतायत.”

दीड वर्षाने माझं लग्न ठरलं. मुलाचं कोलाडला हायवेवर मोटरसायकलचं गॅरेज. मुलगा मला आवडला होता. सासूबाईंनी एकच गोष्ट सांगितली, नाव बदलायचं. त्यांच्याकडे सुनेचं नाव बदलतात, त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. मी हे भाऊंना चहा पिताना सांगितलं. त्यांच्यासमोर बोलताना सगळंच थोडं हसण्यावारी जायचं, म्हणूनच सांगितलं असेन.

भाऊ हसले नाहीत. “कोण बदलणार? तू?”

“नाही. त्या.”

“बाहेरून?” त्यांना खरोखर अडचण कळली नव्हती. “बाहेरून नाय बदलता येत. यादीतलं नाव ज्याचं त्यालाच बदलता येतं. दुसऱ्यानं बदलायला गेलं की मशीन नाय म्हणतं. तुला बदलायचंय का?”

“नाही.”

“मग झालं,” म्हणाले, आणि पापडाचा डबा पुढे केला. जसं काही प्रश्न सुटलाच.

मी होणाऱ्या नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, “आईला सांगायला मला जमणार नाय. पण तू लिहिशील ते मी वाचीन.”

लग्न रोह्याच्या हॉलमध्ये झालं. तांदळाचं ताट पुढे आलं. त्यात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. त्याने अंगठी उचलली आणि माझ्या हातात दिली. मी अंगठी इतकी जोरात टेकवली की तांदूळ ताटाबाहेर उडाले. मी माझंच नाव लिहिलं. त्याने मोठ्याने वाचलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेत भाऊ बसले होते, एकट्यानेच टाळ्या वाजवत.

सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी मला हाकच मारली नाही. चार महिने मी त्या घरात ‘ए’, ‘ती’ आणि ‘ऐकलंस का’ होते. जेवायला प्रेमाने वाढायच्या, अंगाला ताप आला तर डोक्यावर पट्ट्या ठेवायच्या, पण नाव नाही.

यंदा उन्हाळ्यात भाऊ निवृत्त झाले. आषाढात गणपतीची मूर्ती सांगायला सासूबाईंना घेऊन मी पेणला गेले, तर वाटेत भाऊंकडे डोकावलो. भाऊ ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सासूबाईंना बसायला पाट दिला आणि सरळ विचारलं, “तुमचं नाव काय?”

“सुलोचना.”

“पहिल्यापासून?”

मला वाटलं, सासूबाई आता उठून चालायला लागतील. त्यांनी पदर सारखा केला. “नाय,” म्हणाल्या. “आमी खारेपाटातली. बापाचं मिठागर व्हतं. तिथं चांगुणा म्हनायचे.”

“मग सुलोचना कोणी केलं?”

“ह्यांनी. तांदळात लिवलं. मला कुठं वाचाया येत व्हतं? सगळे हसले, मी पन हसले. दोन दिस मला ठाव नव्हतं माजं नाव काय पडलं ते. मागच्या दारी भांडी घाशीत व्हते. आतून कोन सुलोचना, सुलोचना हाका मारतंय. मला वाटलं, हाय कोनतरी पावनी. मी आपली घाशीत बसले. मग सासू भायेर आली नि लई बोलली. तवा कळलं, मीच ती.”

हे सांगताना त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. भाऊंनाही नाही. त्यांच्या बायकोने आतून चहा आणला, आणि भाऊ म्हणाले, “चांगुणाबाई, साखर बघा पुरेशी आहे का.”

सासूबाईंनी कप तोंडाला लावला. “व्हय, हाय,” एवढंच म्हणाल्या. पण कप रिकामा झाला तरी त्या तो दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

भाऊ आमच्याबरोबर मूर्तींच्या कारखान्यात आले. ओळीने शेकडो मूर्ती, सगळ्या पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या. सासूबाईंनी बराच वेळ फिरून एक पसंत केली. तिथल्या माणसाने वही उघडली, चिठ्ठी फाडली, पेन काढलं. “नाव सांगा.”

मी नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आधी सासूबाई म्हणाल्या, “चांगुणा. चांगुणा लिव.”

त्याने लिहिलं आणि चिठ्ठी मूर्तीच्या हाताला दोऱ्याने बांधली. सासूबाई पुढे होऊन चिठ्ठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं, मला जवळ ओढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घेऊन म्हणाल्या, “वाच गो, काय लिवलंय.”

“चांगुणा,” मी वाचलं.

“परत वाच.”